कीचक, घाशीराम आणि रूपकाची किल्ली

एकनाथांच्या भारुडांनी मराठी श्रोत्याला रूपक ऐकण्याची एक विशिष्ट सवय लावली. विंचू, जोशी, मुका, बहिरा अशी सोंगे प्रथम आपल्या लौकिक रूपात समोर येतात, हसवतात, आणि अखेरच्या चरणांपर्यंत पोहोचता पोहोचता विंचू म्हणजे कोण आणि त्याचा उतारा कोणता, हे कवी स्वतःच सांगून टाकतो. किल्ली कुलपालाच अडकवलेली असते. राजकीय रूपकाला ही सोय परवडत नाही. जे उघड बोलणे धोक्याचे आहे त्यासाठीच तर रूपकाचा आडोसा घ्यावा लागतो. मग किल्ली कोणी तरी दुसऱ्यानेच पुरवावी लागते. हा दुसरा कोण, हा प्रश्न रूपकाच्या चर्चेत जितक्या गांभीर्याने विचारला जावा तितका विचारला जात नाही. 'नेपोलियन म्हणजे स्टालिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की' अशा समीकरणांची यादी दिली की राजकीय रूपककादंबरीची ऐतिहासिक पार्श्वभूमी आणि प्रतीकयोजना सांगून झाली, असा समज वर्गाध्यापनाने दृढ केला आहे.

संस्कृत काव्यशास्त्राची परिभाषा येथे अधिक उपयोगी ठरते. अप्रस्तुतप्रशंसेत, आणि तिच्याच कुळातल्या अन्योक्तीत, जे वर्णिले जाते ते अप्रस्तुत असते व जे सुचवायचे ते प्रस्तुत. चातकाला उद्देशून बोलायचे आणि ऐकायचे मात्र याचकाने. शास्त्रकारांनी ह्या दोन पातळ्यांतील संबंधांचे प्रकार बारकाईने लावले. परंतु प्रस्तुत कोणते ह्यावरच तंटा झाला तर निवाडा कोणी करावा, हे त्यांनी सांगितले नाही. सांगण्याचे कारणही नव्हते. सहृदय वाचक हा त्यांच्या दृष्टीने एकमताचा प्रतिनिधी होता. विसाव्या शतकातील महाराष्ट्रात मात्र असा तंटा दोनदा झाला. १९१०मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'कीचकवध' नाटकाच्या बाबतीत सरकारने अप्रस्तुताचे अस्तित्वच नाकारले : ही महाभारताची कथा नव्हे, हा राजद्रोह होय. १९७२ नंतर विजय तेंडुलकर यांच्या 'घाशीराम कोतवाल'च्या बाबतीत विरोधकांनी प्रस्तुताचे अस्तित्व नाकारले : हे सत्तेचे रूपक नव्हे, ही नाना फडणविसांची बदनामी होय. ह्या दोन नकारांमध्ये मराठी राजकीय रूपकाचा इतिहास उभा आहे. दोन्ही कृती नाटके आहेत, कादंबऱ्या नव्हेत, हाही योगायोग नाही. त्याचा विचार पुढे येईल.

'कीचकवध' १९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. खाडिलकर तेव्हा 'केसरी'च्या संपादकवर्गात होते. विराटपर्वातील कथा परिचित आहे. पांडव अज्ञातवासात विराटाच्या पदरी आहेत. द्रौपदी सैरंध्री म्हणून राणी सुदेष्णेची दासी झाली आहे. राणीचा भाऊ आणि राज्याचा सेनापती कीचक तिची अभिलाषा धरतो, भर सभेत तिचा अपमान करतो. युधिष्ठिर कंकाच्या वेषात ते पाहतो आणि संयम पाळतो. अखेरीस बल्लवाच्या वेषातील भीम रात्री कीचकाला ठार करतो. युधिष्ठिराचा संयम हा भित्रेपणा नव्हे, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. तेराव्या वर्षी ओळख उघड झाली तर पुन्हा बारा वर्षांचा वनवास, असा करार आहे. तो करार पाळणारा माणूस आहे. बाराव्या-तेराव्या वर्षाच्या त्या हिशेबात १९०७च्या प्रेक्षकाला नेमस्तांची सनदशीर चिकाटी दिसली असेल तर त्यात ओढाताण काहीच नव्हती. त्यापूर्वी दोनच वर्षे, ऑक्टोबर १९०५मध्ये, बंगालची फाळणी अंमलात आली होती. १९०७च्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेस दुभंगणार होती. कंक आणि बल्लव ह्यांच्यातील वाद त्या सभागृहाबाहेरही चालू होता.

पण 'कीचक म्हणजे कर्झन' हे समीकरण पक्के छापून ठेवले ते नाटककाराने नव्हे. लंडनच्या 'टाइम्स'मधील लेखनाने आणि त्याचा आधार घेणाऱ्या व्हॅलेंटाइन चिरोलच्या १९१०च्या 'इंडियन अनरेस्ट' ह्या ग्रंथाने ते जगापुढे मांडले. कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदभूमी, युधिष्ठिर म्हणजे नेमस्त, भीम म्हणजे जहाल, विराट म्हणजे व्हाइसरॉयला मोकळे रान देणारे विलायतेतील दुबळे सरकार, आणि कीचकाचे मारले जाणारे अनुयायी म्हणजे येथील गोरे अधिकारी, अशी ती सबंध कोष्टकवजा मांडणी आहे. नाटकात कर्झनचे नाव कोठेही नाही, ही गोष्ट त्या लेखनाला बचाव वाटत नाही, पुरावा वाटते. नाव घ्यावे लागत नाही इतके सारे उघड आहे, असा त्याचा युक्तिवाद. मराठीतील राजकीय रूपकाचे पहिले तपशीलवार 'प्रतीकविवेचन' अशा रीतीने त्याच्या विरोधकांनी लिहिले आहे, आणि त्यानंतरच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांनी ते, मूल्यनिर्णय उलटा करून पण समीकरणे तशीच ठेवून, उचलले आहे. चिरोलवर टिळकांनी पुढे अब्रुनुकसानीचा दावा लावला व १९१९मध्ये ते तो हरले. परंतु 'कीचकवधा'पुरता चिरोल मराठी समीक्षेत आजवर न हरता टिकून आहे.

ह्या कोष्टकात एक तारीख मात्र बसत नाही. कर्झनने १९०५च्या ऑगस्टमध्ये राजीनामा दिला आणि त्याच वर्षी तो हिंदुस्थान सोडून गेला. नाटक रंगभूमीवर आले तेव्हा व्हाइसरॉयच्या आसनावर मिंटो होता. निघून गेलेल्या माणसाचा वध रंगभूमीवर पाहून कोणते सरकार घाबरेल? आणि नाटक १९०७चे, तर बंदी १९१०ची का? मधल्या तीन वर्षांत संहितेत काही बदलले नव्हते. बदलले ते सभोवतालचे. १९०८च्या एप्रिलअखेर मुझफ्फरपूरला बाँब पडला. जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन ह्याच्यावर अनंत कान्हेरे याने गोळ्या झाडल्या. हा वध नाट्यगृहात झाला हे विसरता कामा नये. विजयानंद थिएटरात जॅक्सनच्या निरोपासाठी देवलांच्या 'शारदा'चा प्रयोग होता. 'शारदा' हे बालाजरठविवाहाचे नाटक. त्यात रूपक नाही, कीचक नाही. तरीही त्यानंतर थोड्याच आठवड्यांत बंदी आली ती 'कीचकवधा'वर, १८७६च्या नाट्यप्रयोग नियंत्रण कायद्याखाली. संहितेतील कीचक मेला होता १९०७मध्ये. सरकारच्या दृष्टीने त्याला प्रस्तुत अर्थ मिळाला तो १९०९च्या डिसेंबरात. रूपकाचे प्रस्तुत संहितेत ठरत नसून वाचनाच्या क्षणी ठरते, ह्या विधानाला ह्याहून कठोर पुरावा मिळणे अवघड.

कोष्टकातील दुसरी उणीव अधिक वाङ्मयीन आहे. विराट म्हणजे विलायतेतील सरकार हे मान्य केले तर शेवटी विराटाचे काय होते हे विचारावे लागते. त्याचे काहीच होत नाही. कीचक मरतो, उपकीचक मरतात, विराट सिंहासनावर राहतो. महाभारतात तर पुढे पांडव त्याचे गोधन राखतात आणि अभिमन्यूचा विवाह त्याच्या मुलीशी होतो. राजाला धक्का न लावता त्याचा उन्मत्त अधिकारी दूर करणे, हे १९०७मध्ये क्रांतिकारकांपेक्षा नेमस्तांना अधिक जवळचे स्वप्न होते. भीमाचे कृत्य तेवढे पाहून कथेचा शेवट न पाहणारा वाचक हा रूपकाचा वाचक नव्हे, तो पोलिसी वाचक होय. अर्थात खाडिलकरांना हा शेवट अभिप्रेत होता आणि ते राजनिष्ठ होते, असे ह्यातून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच की पौराणिक कथा ही पोकळ पात्र नसते. तिला स्वतःची गती असते आणि ती किल्लीच्या बाहेर उरते. अज्ञातवासाची कल्पनाच पाहावी : प्रत्येक पात्र दुसऱ्या नावाने वावरते, प्रत्येकाचे बोलणे दुसऱ्याला उद्देशून असते, आणि ओळख पटणे हाच अपराध. राजद्रोहाच्या कायद्याखाली लिहिणाऱ्या पत्रकार-नाटककाराला ही कथा का सापडली असावी, हे शोधण्यासाठी कर्झनपर्यंत जावेच लागत नाही.

कादंबरीच्या क्षेत्रातील प्रमाणभूत उदाहरण, जॉर्ज ऑर्वेलचे 'ॲनिमल फार्म', ह्या दृष्टीने पाहिले तर वेगळे दिसत नाही. ऑगस्ट १९४५मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याआधी गोलान्झ, केप आणि फेबर ह्या प्रकाशनसंस्थांनी ते नाकारले होते. फेबरच्या वतीने नकार कळवणारा टी. एस. एलियट होता. केपने ब्रिटिश माहितीखात्यातील एका अधिकाऱ्याचा सल्ला घेतला होता, आणि केपच्या पत्रातील एक सूचना अशी की सत्ताधारी वर्ग डुकरांऐवजी दुसऱ्या एखाद्या प्राण्याचा दाखवला तर रशियनांना ते इतके झोंबणार नाही. म्हणजे येथेही किल्ली प्रथम फिरवली ती सावध मध्यस्थांनी. १९५४च्या कार्टूनपटामागे अमेरिकन गुप्तहेर खात्याचा पैसा होता हे पुढे उघड झाले. त्या चित्रपटात समीकरणे तशीच ठेवून शेवट बदलण्यात आला, आणि प्राणी डुकरांविरुद्ध उठाव करतात असे दाखवले गेले. ऑर्वेलच्या शेवटी डुक्कर आणि माणूस ह्यांतील फरक कळेनासा होतो. तो शेवट भांडवली सत्तेलाही सोडत नाही, म्हणून गैरसोयीचा. ह्या कादंबरीसाठी ऑर्वेलने लिहिलेली आणि तिच्यासोबत न छापली गेलेली प्रस्तावना, स्वेच्छेने पत्करलेल्या मौनावरची, 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'मध्ये प्रकाशात आली १९७२च्या सप्टेंबरात. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. ह्या योगायोगाला अर्थ चिकटवण्याचे कारण नाही. पण ज्याला अवमानित घाशीरामाची पुण्याला डुकरांचे राज्य करून टाकण्याची प्रतिज्ञा आठवते त्याला तो विसरताही येत नाही.

घाशीराम सावळादास हा ऐतिहासिक पुरुष. उत्तरेकडचा कनोजी ब्राह्मण, १७७७पासून पुण्याचा कोतवाल. १७९१च्या श्रावणात दक्षिणेसाठी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना त्याच्या माणसांनी अपुऱ्या जागेत कोंडले, त्यांतील एकवीस गुदमरून मेले, आणि संतप्त ब्राह्मणांच्या हाती नानांनी घाशीरामाला दिल्यावर ३१ ऑगस्टला त्याचा दगडांनी ठेचून अंत झाला. इतका भाग कागदपत्रांतील. १८६३मध्ये मोरोबा कान्होबा विजयकर यांनी ह्याच नावाचे पुस्तक लिहिले. मराठी गद्यकथनाच्या पहिल्या पिढीत त्याची गणना होते. म्हणजे तेंडुलकरांच्या हाती घाशीराम आला तो निव्वळ इतिहास म्हणून नव्हे, एकदा कथा होऊन गेलेला इतिहास म्हणून. गौरीची कथा, मुलीला नानांच्या हवाली करून मिळवलेली कोतवाली, ह्या गोष्टी समकालीन पुराव्यावर उभ्या नाहीत. त्या नाटकाच्या गरजेतून आलेल्या आहेत, आणि गरज अशी की सत्ता देणारा आणि घेणारा ह्यांच्यातील व्यवहार एकाच ठळक सौद्यात दिसावा.

त्या सौद्याचे प्रस्तुत कोठे होते? नाटकाचा जन्म पुण्याचा, विषय पेशवाईचा. पण १९६६ ते १९७२ ह्या वर्षांच्या मुंबई-ठाण्याकडे पाहिल्याखेरीज त्याची ऐतिहासिक पार्श्वभूमी पुरी होत नाही. ऑगस्ट १९६२मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याची पहिली औद्योगिक वसाहत म्हणून ठाण्याची वागळे इस्टेट ओळखली जाते. अंबरनाथ, डोंबिवली, ठाणे-बेलापूर असा पट्टा पुढे वाढत गेला. नव्याने आखलेले रस्ते, शेड, फाटक, आणि फाटकाबाहेर कामासाठी उभी असलेली माणसे. भाषिक राज्य मिळाले, कारखाने आले, आता नोकरी कोणाला, हा संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने न सोडवलेला प्रश्न अशा फाटकांपाशी उभा राहिला. 'मार्मिक'मध्ये कंपन्यांतील अमराठी अधिकाऱ्यांच्या याद्या छापल्या जात होत्या. १९ जून १९६६ला शिवसेना स्थापन झाली. सत्तेचे पहिले दार तिला उघडले ते मुंबईत नव्हे, १९६७ साली ठाणे नगरपालिकेत, आणि वसंतराव मराठे नगराध्यक्ष झाले. १९६८मध्ये भारतीय कामगार सेना आली आणि गिरणगावापासून नव्या औद्योगिक पट्ट्यांपर्यंत लाल बावट्याच्या संघटनांशी तिचा सामना सुरू झाला. फेब्रुवारी १९६९मध्ये सीमाप्रश्नावरून मुंबई पेटली. ५ जून १९७०ला कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांची हत्या झाली, आणि त्यांच्या जागेवरील पोटनिवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक विजयी झाले.

ह्या सर्व काळात मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. कामगार चळवळीतील डाव्यांचा जोर मोडण्यासाठी राज्यकर्ते ह्या नव्या शक्तीकडे कानाडोळा करतात, किंबहुना तिला बळ देतात, असा आरोप त्या वेळी सर्रास होई, आणि विरोधकांनी शिवसेनेला 'वसंतसेना' असे नाव ठेवले होते. कोटी सहज सुचलेली असेल. पण शूद्रकाच्या गणिकेचे नाव घेऊन केलेली ही कोटी म्हणजे एका शब्दातील राजकीय रूपकच होय. नानांनी घाशीरामाला कोतवाली देताना मनाशी केलेला हिशेब हाच आहे : माणूस परका, त्याच्या मागे कोणी नाही, लोक रागावतील ते त्याच्यावर, आमचीही पापे त्याच्याच खात्यावर जमा होतील. आपल्या नाटकाचा रोख सत्तेने निर्माण केलेल्या अशा माणसांकडे आहे, आणि शिवसेनेच्या उदयाचा काळ आपण पाहत होतो, हे तेंडुलकरांनी पुढे सांगितलेही.

वागळे इस्टेटचे नाव नाटकात नाही, असणे शक्यही नाही. आणि कोष्टकाची रीत येथेही फसते. शिवसेना ही परक्याची नव्हती. भूमिपुत्रत्व हाच तिचा दावा होता. घाशीराम मात्र पुण्यात परका आहे आणि पुण्याच्या ब्राह्मणांकडून अपमानित झालेला परका आहे. चोरीचा आळ घेऊन ज्याला बदडले तोच पुढे दुसऱ्यावर चोरीचा आळ घेऊन तापलेला गोळा हाती धरायला लावतो. शिवसेना म्हणजे घाशीराम असे समीकरण मांडले की नेमकी ही सूडाची बाजू अर्थहीन होते; उलट, घाशीराम म्हणजे फाटकाबाहेर ताटकळत ठेवलेला, नाकारला गेलेला माणूस असे धरले, तर तो मराठी बेकार तरुणही असू शकतो आणि ज्याच्याविरुद्ध त्याला उभे केले गेले तो दाक्षिणात्य कारकूनही. रूपकाचा धारदारपणा ह्या न बसण्यातच आहे. १९७६मध्ये, आणीबाणीच्या काळात, युक्त फिल्म सहकारी संस्थेने ह्या नाटकावर चित्रपट केला तेव्हा नाना दिल्लीला गेले. १९८०च्या दशकात पंजाबकडे पाहून भिंद्रनवाले-प्रकरणात लोकांना घाशीराम दिसला. किल्ली प्रत्येक दशकाने बदलली आणि कुलूप प्रत्येक वेळी उघडले. 'कीचकवधा'चे तसे झाले नाही. त्याला सरकारने जी किल्ली बहाल केली ती इतकी अधिकृत ठरली की राजवट गेल्यावर नाटकही बंदच राहिले, वाङ्मयेतिहासात आदराने ठेवलेले.

'घाशीराम'च्या प्रतीकयोजनेत सर्वांत मोठे स्थान व्यक्तीला नाही, भिंतीला आहे. ब्राह्मणांची मानवी भिंत प्रेक्षकांकडे कधी तोंड करते, कधी पाठ. कीर्तनात उभी असते आणि बावनखणीच्या वाटेवरही तीच माणसे असतात. झाकते आणि दाखवते. मारते आणि मार खाते. खेळे, दशावतार, कीर्तन, तमाशा ह्या रूपांतून जब्बार पटेल, भास्कर चंदावरकर आणि कृष्णदेव मुळगुंद यांनी ती उभी केली. नाना आणि घाशीराम ह्यांच्यातील सौदा ही भिंत पाहते. तो तिच्यासमोरच होतो. म्हणून ह्या रूपकात तिसरा पक्ष आहे, आणि तोच प्रेक्षागृहातही बसलेला आहे. घाशीरामाचा अंत झाल्यावर नाना उत्सवाची आज्ञा देतात आणि भिंत नाचते. खाडिलकरांच्या नाटकात अत्याचाराला जबाबदार कोण हा प्रश्न नव्हता. तो कीचक होता. तेंडुलकरांच्या नाटकात अत्याचारी मेल्यावर प्रश्न सुरू होतो.

हे रूपक वाचण्याचे नाकारण्यात आले ते इतिहासाच्या नावाने. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने १६ डिसेंबर १९७२ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग केला आणि एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनेच नाटक थांबवले. नाटकातील मंडळी बाहेर पडली, १९७३मध्ये थिएटर अकादमी स्थापन झाली, आणि जानेवारी १९७४पासून प्रयोग पुन्हा सुरू झाले. नाटक ऐतिहासिक नाही, ही केवळ एक दंतकथा आहे, असे तेंडुलकरांनी प्रारंभीच सांगितले होते. हे सांगणे पुरेसे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. विराटनगरीचा वारस म्हणून कोणी न्यायालयात जात नाही. नाना फडणविसांचा वाडा मात्र मेणवलीला आहे, दप्तर आहे, वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९२मध्ये लिहिलेले चरित्र आहे. ऐतिहासिक नाव अप्रस्तुत म्हणून वापरले की ते पूर्णपणे अप्रस्तुत राहत नाही; त्याच्याभोवती जमलेली श्रद्धा आणि राग घेऊनच ते रंगमंचावर येते. विरोधकांना केवळ अडाणी ठरवून ह्या अडचणीतून सुटता येत नाही, आणि नाटकाच्या पुरस्कर्त्यांनी ते वारंवार केले आहे.

विरोधकांची बाजूही तितकीच तपासण्याजोगी आहे. ज्या नानांचे ते रक्षण करीत होते ते कोणते? मुत्सद्दी, संयमी, बालपेशव्याचे कर्तव्यकठोर पालक, ही प्रतिमा मराठी मनात दप्तरांपेक्षा रंगभूमीने अधिक रुजवली, आणि तिच्या घडणीत खाडिलकरांच्या 'सवाई माधवरावांचा मृत्यू'चा वाटा मोठा. त्या नाटकातही कल्पित पात्रे होती, शेक्सपिअरची छाया होती. त्याला कोणी इतिहासाचा विपर्यास म्हटले नाही. स्वतः नानांनी आपल्या त्रोटक आत्मवृत्तात तारुण्यातील मनाच्या चळण्याची जी कबुली मोकळेपणाने दिली आहे तिचा उल्लेख ह्या वादात फारसा झाला नाही. इतिहास विरुद्ध रूपक असा हा तंटा दिसला, तरी तो एका रूपकाचा दुसऱ्या, आधी रूढ झालेल्या रूपकाशी होता. १९८०मध्ये युरोपच्या दौऱ्याच्या निमित्ताने तो पुन्हा उसळला तेव्हा नानांच्या थोरवीविषयीचे निवेदन प्रयोगापूर्वी करण्याची तोड पुढे आली. भारुडाच्या शेवटच्या कडव्यात येणारी किल्ली येथे नांदीच्याही आधी आली, आणि ती कुलूप उघडण्यासाठी नव्हती.

ब्रिटिशांचा १८७६चा कायदा अखेर २०१८मध्ये रद्द झाला. पण १९७२मध्ये 'घाशीराम' थांबवायला त्याची गरज लागली नव्हती. त्याच वर्षी 'सखाराम बाइंडर'च्या बाबतीत परिनिरीक्षण मंडळाशी झगडा न्यायालयात गेला आणि निर्मात्याच्या बाजूने सुटला; 'घाशीराम'ला प्रतिवादी म्हणून सरकार मिळाले नाही. सरकार समोर असताना रूपक लिहिणे एका अर्थी सोपे असते. समाजाचाच एक भाग समोर असताना कोणत्या आडोशाने बोलावे, ही अडचण खाडिलकरांना कधी आली नव्हती.

मराठी कादंबरी ह्या वाटेने का गेली नाही, ह्याचे काही अंशी उत्तर येथे सापडते. रूपकाला एकाच वेळी एकाच जागी बसलेला, एकमेकांकडे पाहून खूण पटवणारा समुदाय लागतो. १९०७च्या नाट्यगृहात किंवा १९७४च्या प्रयोगात तो होता. कादंबरीचा वाचक एकटा असतो, आणि मराठी कादंबरीने त्याच्याशी राजकारण बोलताना आडोसा टाकून देणे पसंत केले. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' ह्या कादंबऱ्यांत मुख्यमंत्री आहे, पक्षांतर्गत डाव आहेत, कामगारपुढारी आहे, आणि वाचक विचारतो तो प्रश्न 'हे कशाविषयी आहे' हा नसून 'हा कोण' हा असतो. ही ओळखी पटवण्याची कादंबरी. रूपकापेक्षा ती वार्तापत्राच्या जवळची, आणि साधूंचा व्यवसाय पाहता त्यात आश्चर्य नाही. तिचे बळ तपशिलात आहे : फोन कोणी केला, कोणाच्या बंगल्यावर कोण गेले, संप मिटवण्याचा भाव काय. वागळे इस्टेटसारख्या पट्ट्यातील संपाचे भवितव्य मंत्रालयात कसे ठरते हे 'घाशीराम' दाखवू शकत नव्हते, 'सिंहासन' दाखवू शकते. उलट, त्या संपात हरलेल्या माणसांनी दुसऱ्या दिवशी विजयाच्या मिरवणुकीत का नाचावे, हे 'सिंहासन'ला सांगता येत नाही.

ह्या दोन कादंबऱ्यांवरून १९७९चा 'सिंहासन' चित्रपट झाला तेव्हा पटकथा तेंडुलकरांची होती आणि दिग्दर्शन जब्बार पटेलांचे. म्हणजे 'घाशीराम'चीच जोडी. सूत्रधाराच्या जागी तेथे पत्रकार दिगू टिपणीस आहे. सगळ्या सौद्यांचा तो साक्षी, सगळ्या किल्ल्या त्याच्या खिशात. 'घाशीराम'चा सूत्रधार सारे जाणूनही भिंतीतल्या माणसांबरोबर गात राहतो. दिगूला गाता येत नाही. चित्रपट संपतो तो त्याच्या वेड्या हसण्यावर.